दुखतं कुठं, ते सांगता यावं



मूल बोलायला लागलं, की आपण त्याला पुष्कळ शब्द शिकवतो. हा काका, ही आत्या. ही गाय, हे वासरू. मग नाक कुठं आहे, कान कुठं आहे, असं विचारतो. मूल बोट लावून दाखवतं. घरातली सगळी माणसं हसतात. हा खेळ फार चांगला आहे. पण तो नाक-कान-डोळ्यांपाशीच थांबतो. तो पुढं न्यायला हवा. कारण मूल आजारी पडलं, म्हणजे त्याला जेवढे शब्द येतात, तेवढंच ते सांगू शकतं.

समजा, सात-आठ वर्षांचं मूल रात्री रडत उठलं. आई विचारते, "काय होतंय रे?" मूल म्हणतं, "पोट दुखतंय." आता पोट केवढं मोठं! लहान मुलांना तर छातीपासून मांडीपर्यंत सगळं पोटच वाटतं. म्हणून त्याला म्हणावं, "एका बोटानं दाखव बाळ." बेंबीपाशी दुखतं, की बरगडीखाली? उजव्या कुशीत, की खाली ओटीपोटात? जागा कळली, की निम्मं काम झालं.

हे एवढं का सांगतो? आतड्याला करंगळीएवढी एक शेपटी असते. तिला आंत्रपुच्छ म्हणतात. दवाखान्यात तिलाच अपेंडिक्स म्हणतात. ती सुजली, म्हणजे बहुधा आधी बेंबीभोवती दुखतं. मग काही तासांनी ते दुखणं खाली, उजव्या बाजूला सरकतं. मळमळतं, ताप येतो, मूल वाकून चालतं. अशा वेळी एरंडेल पाजू नये. जुलाबाचं औषध देऊ नये. पोट चोळू नये. डाग तर कधीच देऊ नये. ती शेपटी फुटली, तर पू पोटात पसरतो आणि जिवावर बेततं. मुलाला लगेच दवाखान्यात न्यावं. गाडी नसेल, तर १०८ या नंबरावर फोन करावा. रुग्णवाहिका येते. पैसे पडत नाहीत.

दुखतं कसं, तेही मुलाला सांगता यावं. आपल्या भाषेत त्याला किती तरी शब्द आहेत. कान ठणकतो. पोटात मुरडा येतो. छातीत जळजळतं. पाठीत चमक भरते. पायाला मुंग्या येतात. लघवीला आग होते. हे शब्द मुलांच्या कानावर पडू द्या. "लघवीला आग होते" एवढं मुलानं सांगितलं, की डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. नुसतं रडण्यावरून हे कोणाला कळणार?

आता अंगाच्या आत काय आहे, ते पाहू. मुलाला म्हणा, "मूठ मिट. तुझी मूठ जेवढी, जवळजवळ तेवढं तुझं हृदय." ते छातीत असतं, जरा डावीकडं. ते रक्ताचा पंप आहे. विहिरीवरचा पंप पाणी शेतभर पाठवतो, तसं हृदय रक्त अंगभर पाठवतं. ते रात्री झोपेतही थांबत नाही. मुलाचा कान तुमच्या छातीला लावा. त्याला धडधड ऐकू येईल.

आपण म्हणतो, "काळीज धडधडतं." पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितलं, तर दुसराच अवयव मिळतो. ते यकृत. ते उजवीकडच्या बरगड्यांखाली असतं. पोषण आणि पचन यांची पुष्कळ कामं ते करतं. ते बिघडलं, म्हणजे कावीळ होऊ शकते. डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद पिवळी होते.

छातीत दोन फुप्फुसं आहेत. लोहाराचा भाता भरतो आणि रिकामा होतो, तशी ती हवा घेतात आणि सोडतात. मूल शांत असताना त्याचा श्वास पुरता एक मिनिट मोजावा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त झाला, तर तो जलद समजावा. खोकला आहे आणि श्वास जलद आहे, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, तर तो न्यूमोनिया असू शकतो. सकाळची वाट पाहू नका.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात. त्यांचा आकार घेवड्याच्या बीसारखा. ती रक्त गाळतात. नको ते पाणी आणि घाण लघवीवाटे बाहेर जाते. म्हणून मुलाला लघवी किती वेळा झाली, हे आईला ठाऊक असावं.

जुलाब लागले, म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं. याला शोष पडणं म्हणतात. तोंड कोरडं पडतं, डोळे खोल जातात, रडताना आसवं येत नाहीत, लघवी कमी होते. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते. जुलाब लागले म्हणून पाणी तोडू नका. उलट जास्त द्या. आशाताईंकडं जलसंजीवनीची पुडी मिळते. ती नसेल, तर उकळून गार केलेलं १ लिटर पाणी घ्या. त्यात औषधाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्यानं ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. थोडं थोडं पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. १९७१ साली बंगालात बनगाव इथं निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली होती. सलाईन पुरेना. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी असंच साखर-मिठाचं पाणी वाटलं, आणि पुष्कळ जीव वाचले. मात्र मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, किंवा शौचात रक्त दिसलं, तर दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे. ती बोलायला आपल्याला संकोच वाटतो. शू आणि शी करायची जागा, तीही शरीराचाच भाग. मुलांना तिची नावं शिकवा. तिथं खाज आली, सूज आली, दुखलं, तर मुलानं न लाजता सांगावं. हेही सांगा, की आई अंघोळ घालताना, किंवा आई जवळ असताना डॉक्टर तपासताना, यांशिवाय तिथं कोणी हात लावायचा नाही. घरचा असो की बाहेरचा, कोणी लावला तर लगेच येऊन सांगायचं. आणि मुलानं सांगितलं, तर त्याला रागावू नका. त्याचं पुरं ऐका, आणि त्याच्यावर विश्वास ठेवा.

पुष्कळ घरांत मुलांना भीती घालतात, "गप बस, नाही तर डॉक्टर सुई टोचेल." असं करू नये. मग दुखलं तरी मूल लपवतं. त्याला खरं सांगा. "लस म्हणजे अंगातल्या राखणदाराला चोराची ओळख आधीच करून देणं. पुढं खरा चोर आला, की राखणदार त्याला दारातच धरतो. सुई जरा टोचेल, मग बरं वाटेल." देवीचा रोग अशा लसीनंच जगातून गेला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं जाहीर केलं.

तुम्ही आता वाचायला शिकलात. हा पाठ घरी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. रोज एक अवयव घ्या. त्याचं नाव सांगा, जागा दाखवा, काम सांगा. मुलं प्रश्न विचारतील. विचारू द्या. ज्याचं उत्तर येत नाही, ते आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. शेतकऱ्याला आपल्या रानाचा प्रत्येक बांध ठाऊक असतो. तसं आपलं शरीर मुलांना ठाऊक असावं.