मोडलेली गाडी : दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. गॅरेजच्या मागे बाभळीखाली उभ्या असलेल्या गाडीवर बोलणार आहोत. गावोगाव अशा गाड्या दिसतात. पंधरा-सोळा वर्षांची पिकअप, जीप, नाही तर ट्रॅक्टर. कापूस जिनिंगला नेताना वळणावर उलटली, किंवा समोरून ट्रकने ठोकली. माणसे वाचली, गाडी मोडली. मग घरात दोन तट पडतात. वडील म्हणतात, ‘हिने घर उभे केले, दुरुस्त करू.’ पोरगा म्हणतो, ‘भंगारात घाला, नवी घेऊ, कर्ज मिळते.’ दोघेही मनातले बोलतात; कागद-पेन्सिल कोणी घेत नाही. कापसाचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो. गाडीचाही तसाच काढायचा आहे.

पहिली गोष्ट. मागच्या वर्षी इंजिनाला किती घातले, टायर कधी टाकले, हे विसरा. तो पैसा गेला. ज्वारी करपल्यावर पेरणीचा खर्च आठवून कोणी दुबार पेरणी करत नाही. पुढे किती हाती लागेल ते बघून करतो. आज घातलेला रुपया उद्या किती देईल, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, गाडीचा कणा. पत्रा, काच, दिवे बदलता येतात. चासी वाकली असेल तर गोष्ट वेगळी. सपाट जागी गाडी उभी करा. दोन्ही बाजूंच्या सारख्या ठिकाणांहून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा आणि तिरकी मापे दोरीने घ्या. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतरही दोन्ही बाजूंनी मोजा. फरक असेल तर गाडी तिरकी धावणार, टायर एका बाजूने खाणार. जीप-पिकअपची चासी वेगळी असते, चांगला कारागीर ती सरळ करू शकतो. मारुती ८०० सारख्या मोटारीत बॉडी हाच सांगाडा. तो चेपला की काम अवघड. ट्रॅक्टरला तर बहुधा चासीच नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. त्या बिडाच्या हाउसिंगला तडा गेला, तर साध्या वेल्डिंगवर भरवसा ठेवू नका.

उलटलेली गाडी सरळ केल्याबरोबर चालू करू नका. सिलिंडरमध्ये ऑइल शिरलेले असले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शंभराच्या कामाचे हजार होतात. आधी मिस्त्रीला दाखवा. अंदाजपत्रक गाडी खोलल्यानंतरचे, लेखी आणि दोन ठिकाणचे घ्या. बाहेरून बघून सांगितलेला आकडा हा नजर अंदाज. आणेवारी नजर अंदाजाने काढली की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट, हिशेब. समजा, मोडलेल्या स्थितीत गाडीला ४५ हजार येतात आणि दुरुस्ती ९५ हजार सांगितली. म्हणजे दुरुस्तीत तुमचे ९५ नव्हे, १ लाख ४० हजार गुंतले. कारण येणारे ४५ तुम्ही सोडले. आता वर्षाच्या खेपा मोजा. भाड्याच्या गाडीला खेपेला २ हजार पडतात असे धरू.

वर्षाला ४० खेपा असतील तर भाडे ८० हजार. स्वतःच्या गाडीला डिझेल २४ हजार, विमा-टायर-देखभाल ३० हजार, आणि चालवणाऱ्याची मजुरी दिवसाला ५०० प्रमाणे २० हजार. ही मजुरी आपण कधी धरत नाही. घरचा माणूस फुकट समजतो. एकूण ७४ हजार. वाचले फक्त ६ हजार. १ लाख ४० हजार फिटायला २३ वर्षे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तीच गाडी वर्षाला १०० खेपा करत असेल तर भाडे २ लाख. डिझेल ६० हजार, देखभाल वाढून ४५ हजार, मजुरी ५० हजार. एकूण १ लाख ५५ हजार. वाचले ४५ हजार. पैसा तीन वर्षांत जवळपास निघतो. कणा शाबूत असेल तर ही गाडी दुरुस्त करावी. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा. दुरुस्तीचा पैसा उसनवारीचा असेल तर व्याजही धरा. पुढच्या कापसावर उचल घेऊन गाडी उभी करू नका. गाडी दारात येईल आणि कापूस घरातून जाईल.

विम्याचे म्हणाल, तर नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे काही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी नेहमीच्या पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ५० टक्के घट कापतात, रबर-प्लॅस्टिकवरही ५०. दुरुस्ती विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. सर्व्हेअर येईपर्यंत गाडी खोलू नका.

पासिंगही विचारात घ्या. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच, ही आपल्याकडे अफवा आहे. खासगी गाडीची नोंदणी तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागते. दुरुस्तीनंतर ती पास होणार नसेल तर दुरुस्ती कशासाठी?

आता सर्वांत महत्त्वाचे. भंगारात द्यायचे ठरले तर गाडी कागदावरही मारा. पुष्कळ शेतकरी भंगारवाल्याकडून रोख घेतात, आर.सी. बुक देऊन टाकतात आणि मोकळे होतात. ते मोकळे होत नाहीत. तो कोणाला विकेल, तुमचा चासी नंबर कोणत्या चोरीच्या गाडीवर चढेल, तुम्हाला कळणारही नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी हातोहात कितीदा विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच. भरपाईच्या वसुलीत वावर जाऊ शकते.

म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, आरटीओला कळवा, आर.सी. जमा करा, नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. सातबाऱ्यावर असतो तसा आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत भंगार केंद्रे निघाली आहेत. तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. नवी गाडी घेताना ते नोंदणी शुल्कात आणि करात उपयोगी पडते. भंगारवाला दोन हजार जास्त देत असेल, तरी या कागदाची किंमत त्याहून मोठी.

भावांनो, बैल म्हातारा झाला तर त्याला गोठ्यात ठेवणे हा आपला धर्म आहे. गाडी बैल नाही. तिने राबावे आणि तिचा हिशेब जुळावा; जुळत नसेल तर तिला कागदासकट निरोप द्यावा. पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी खेपांची वही, दोन अंदाजपत्रके आणि आर.सी. घेऊन यावे. आपण एकत्र बसून आकडे मांडू.