एका आयतीवर निकाल नको

मी आलिम नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एक टेस्ट पास झाली म्हणून कोणी प्रोग्रॅम ग्राहकाच्या हाती देत नाही. कुरआनमधल्या रूपकाचा अर्थ लावताना मात्र व्हॉट्सअॅपवर आलेली एक आयत आपल्याला पुरते.

सूरह बनी इस्राईलची ७२वी आयत घ्या. जो इथे अंध राहिला, तो आखिरतमध्येही अंध राहील, असा तिचा आशय. मशिदीत शेजारी बसलेल्या अंध भावाने ही एकटीच आयत ऐकली, तर त्याने काय समजायचं? मग कुणी सांगतं, 'इथे अंधत्व म्हणजे सत्याकडे डोळेझाक.' अर्थ चांगला आहे. पण चांगला वाटला म्हणून तो सिद्ध होत नाही.

पुरावे शोधू. सूरह हजची ४६वी आयत सांगते, की आंधळे होतात ते डोळे नव्हेत, छातीतली हृदयं. सूरह आराफच्या १७९व्या आयतीत डोळे असून न पाहणारे लोक आहेत. सूरह ताहाच्या १२४ आणि १२५व्या आयतींत अल्लाहच्या स्मरणाकडे पाठ फिरवणारा कयामतच्या दिवशी अंध उठतो आणि विचारतो, मी तर डोळस होतो, मग असं का? म्हणजे तिथल्या अंधत्वाचा इथल्या डोळ्यांशी संबंध नाही.

आता उलटी टेस्ट. 'अंध' हा शब्द सगळीकडे रूपकच आहे का? नाही. सूरह नूरच्या ६१व्या आयतीत अंध व्यक्तीवर दोष नाही असं म्हटलंय, तिथे अर्थ सरळ आहे. सूरह अबसमध्ये अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम यांच्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून खुद्द पैगंबरांना (स.) समज दिली गेली. हेच सहाबी पुढे मदिनेत अजान देत.

कुरआनचा अर्थ आधी कुरआनमध्येच शोधा, ही तफसीरची जुनीच शिस्त आहे. म्हणून कुणी नवा गूढ अर्थ सांगितला, की अदबीने दोन प्रश्न विचारा: याला आधार देणाऱ्या आणखी आयती कोणत्या? आणि याच्या विरोधात जाणारी एखादी आहे का? उत्तर मिळेपर्यंत तो अर्थ शक्यता म्हणून ठेवा. त्यावरून कुणाला गुमराह ठरवू नका.