थकवा आणि प्रमाद यांतील भेद : थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आयुष्यभर कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसलो आहे. परंतु ज्या व्याधीतून मी गेलो, ती आपल्या समाजात अनेकांना आहे व तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. म्हणून अनुभव, आणि डॉक्टरांकडून व वाचनातून जे समजले ते, आपणांसमोर ठेवतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्याच्या उजव्या बाजूस गाठ आली. सोनोग्राफी व सुईची तपासणी झाल्यावर थायरॉईड ग्रंथीचा उजवा अर्धा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हती. घरात आनंद झाला आणि आता सर्व संपले असे सर्वांनी मानले. तीन-चार महिन्यांनी मात्र शरीर बदलू लागले. दुपारी गादीवरच डोळा लागे. वरच्या फळीवरील तागा काढण्यासाठी शिडीची दोन पावले चढणे जड वाटे. एप्रिल महिन्यात, सर्व जण पंख्याखाली बसत असताना, मी शाल पांघरून बसे. वजन वाढले, त्वचा कोरडी पडली, बद्धकोष्ठता आली. तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचे नाव ओठांवर येऊन अडू लागले. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत झोप आवरत नसे.

आप्तेष्टांनी प्रेमापोटीच निदाने केली. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले मन खचले. एका ज्येष्ठांनी तर 'हा प्रमाद आहे, पुरुषार्थ वाढवा' असा उपदेश केला. आपल्या परंपरेत प्रमाद हा मोठा दोष मानला आहे, म्हणून तो शब्द फार लागला. दुकान मुलांच्या स्वाधीन करून निवृत्त व्हावे, असा विचार मनात पक्का होत आला होता. तेवढ्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताची साधी तपासणी करवली. टीएसएचचा आकडा १८ आला. माझ्या थकव्याचे नाव प्रमाद नव्हते, हायपोथायरॉईडिझम होते.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. थायरॉईड ही गळ्याच्या पुढील भागातील फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यातून निघणारे हार्मोन शरीराच्या प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग ठरवते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच पाठवून तिच्याकडून काम करून घेते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. वसुली वेळेवर येत असली की मुनीम स्वस्थ असतो, वसुली घटली की तगाद्याची पत्रे वाढतात. टीएसएच हे तगाद्याचे पत्र आहे. म्हणून आकडा वाढला तर हार्मोन अधिक झाले असे समजू नये, उलट ते कमी पडत आहे.

अर्धी ग्रंथी काढल्यावर उरलेली अर्धी बहुतेकांत सर्व भार उचलते. परंतु साधारणपणे पाचांपैकी एकाला ती पुरी पडत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच ज्यांचा टीएसएच वरच्या मर्यादेजवळ असतो, किंवा ज्यांच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे आढळतात, त्यांना हा संभव अधिक. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुढेही काही काळ डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. 'अर्धीच काढली, आता चिंता नाही' एवढ्या आश्वासनावर थांबू नये. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा अहवालही जपून ठेवावा, कारण पुढील औषधाचे प्रमाण त्यावरही अवलंबून असते.

या व्याधीचा इतिहास बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रुग्णांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांतील अनेक जण मंद व निस्तेज झालेले दिसले. १८८३ साली त्यांनी हे जाहीरपणे मांडले. ग्रंथीचा काही भाग शिल्लक ठेवावा, हा विचार त्यातून दृढ झाला. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीस बरे केले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज डॉक्टर जी लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात, तिच्यातील औषध कृत्रिमरीत्या बनवलेले असते, प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेले नसते. अहिंसेच्या विचाराने ज्यांना शंका येते, त्यांनी एवढे जाणून घ्यावे. कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असू शकते, म्हणून गोळीच मागावी आणि पूरक घटकांविषयी औषध विक्रेत्याकडे चौकशी करावी.

आता गोळी घेण्याचे नियम. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध किंवा नाश्ता घेऊ नये. नवकारशी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी पच्चक्खाण पारल्यावर प्रथम गोळी घ्यावी, चहा मागाहून. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेण्याचीही एक पद्धत आहे, परंतु चौविहार करणाऱ्यांना सकाळच योग्य. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची काही औषधे यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा गोळी पोटात शोषली जात नाही. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी दोन दिवस ते थांबवावे, कारण त्याने अहवालातील आकडे चुकू शकतात. गोळ्या उष्णता व दमटपणापासून दूर ठेवाव्यात, गॅसशेजारच्या फळीवर नव्हे.

तपश्चर्येविषयी अनेक जण विचारतात. थायरॉक्सिन रक्तात दीर्घकाळ टिकते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एका दिवसाच्या चौविहार उपवासात गोळी राहिली तर सहसा मोठी हानी होत नाही. चुकलेल्या गोळीचे काय करावे हे मात्र डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. अठ्ठाई किंवा त्याहून दीर्घ तपाची गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा आणि गुरुभगवंतांनाही विचारावे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत, आजारी माणसाच्या समाधीचा विचार आपल्या शास्त्रकारांनी केलेला आहे.

आहाराविषयी गैरसमज फार. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाण्यास सहसा हरकत नसते. सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावेत. सैंधवात बहुधा आयोडीन घातलेले नसते, म्हणून घरात केवळ तेच वापरत असल्यास डॉक्टरांच्या कानावर घालावे. मात्र आयोडीनच्या गोळ्या किंवा काढे आपल्या मनाने घेऊ नयेत, त्याने अपाय होऊ शकतो.

गुण सावकाश येतो. पहिले काही आठवडे मला विशेष फरक जाणवला नाही. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस थंडी कमी झाली, मग पोट साफ होऊ लागले, आणि नावे आठवू लागली ती सर्वांत शेवटी. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात, मधल्या काळात उतावीळ होऊन गोळी वाढवू नये. मात्रा अधिक झाली तर छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे ठिसूळ होतात. वयस्कर व हृदयविकार असलेल्या व्यक्तींना म्हणूनच अल्प मात्रेने आरंभ करून देतात. बरे वाटले म्हणून गोळी सोडणे हेही तितकेच घातक. वाढलेले सर्व वजन गोळीने उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये, त्यासाठी चालणे आणि मिताहार हवाच.

आकडा जागेवर येऊनही थकवा राहिला तर दुसरे कारण शोधावे. आपण शाकाहारी, त्यामुळे बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आपल्यांत पुष्कळ आढळते. हिमोग्लोबिन, डी जीवनसत्त्व व साखर यांचीही तपासणी करावी. आवाज घोगरा राहिल्यास शल्यविशारदांना दाखवावे, त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या जागेजवळील स्वरयंत्राच्या मज्जातंतूतही असू शकते. रुग्ण अतिशय गुंगीत जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, अंग गार पडू लागले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

मी एक छोटी वही ठेवली आहे. तारीख, टीएसएच, गोळीची मात्रा, वजन व नाडी एवढेच पाच रकाने. रोजमेळ लिहिणाऱ्याला हे अवघड नाही. डॉक्टरही ती वही पाहून लवकर निर्णय घेतात.

शेवटी एक विनंती. ही व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळते. माझ्यासाठी निदान पाच-सहा जण काळजी करणारे होते. पण घरातील सून किंवा सासू पहाटे उठेनाशी झाली, स्वयंपाकात विसरू लागली, उदास राहू लागली, तर तिला आळशी म्हणून आपण मोकळे होतो. ती बिचारी ऐकून घेते आणि स्वतःलाच दोष देते. गर्भवती भगिनींच्या बाबतीत तर विलंब मुळीच नको, कारण त्या काळात गोळीची गरज वाढते आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. विश्वस्तांना माझी नम्र सूचना आहे की, पुढील आरोग्य शिबिरात गळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची टीएसएच तपासणी आवर्जून ठेवावी.

प्रमाद जिंकण्यासाठी पुरुषार्थ हवा, हे सत्यच आहे. परंतु ज्या शरीराने पुरुषार्थ करायचा, त्यात हार्मोनच शिल्लक नसेल तर केवळ उपदेशाने काय होणार? दोष देण्यापूर्वी तपासणी करावी, ही आपल्या करुणेचीच एक रीत आहे. आज मी पुन्हा गादीवर बसतो, शिडी चढतो आणि सामायिक जागेपणी करतो. आपणां सर्वांस आरोग्य व समाधी लाभो, ही प्रार्थना.

जय जिनेंद्र.