वास येतोय, दादा म्हणाला

आज वासाबद्दल बोलायचंय. आम्ही पनवेलला राहतो. कधीकधी रात्री वारा फिरला की इतका उग्र वास येतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. अशाच एका रात्री आईने त्याला कोपऱ्यावरून दूध, कोथिंबीर आणि काडेपेटी आणायला सांगितली. दादा हात हलवत परत आला. म्हणाला, "काय आणायचं तेच गेलं डोक्यातून. वास येतोय ना." मी वैतागलो. "वासाचं काय मधेच?"

चूक माझी होती.

आत्ता लागणारी माहिती काही सेकंद डोक्यात धरून ठेवायची, ती वर्किंग मेमरी. ओटीपी वाचून टाइप करतो ना, तेच. ती मोजायची एक चाचणी आहे, एन-बॅक. पडद्यावर एकेक अक्षर येतं, दोन अक्षरांपूर्वी हेच होतं का ते ओळखून बटण दाबायचं. करून बघा, दोन मिनिटांत घाम फुटतो. जर्मनीतल्या आखनच्या उटे हाबेल आणि सहकाऱ्यांचा २००७ चा एक अभ्यास आहे. त्यांनी निरोगी पुरुषांना ही चाचणी दिली आणि सोबत आंबलेल्या यीस्टचा घाण वास सोडला. काहींच्या चुका वाढल्या, काहींना फरकच पडला नाही. आणि ज्यांना पडला नाही, त्यांच्या मेंदूतलं स्मृतीचं जाळं जास्त राबत होतं!

म्हणजे वास बाजूला सारायलाही मेंदूची ताकद खर्च होते. स्किझोफ्रेनियात ही स्मृती मुळातच तोकडी पडते, मग वरची ताकद आणायची कुठून? दादा दूध त्यामुळेच विसरला, हे यातून सिद्ध होत नाही. त्या दिवशी झोप कमी झाली असेल, गोळीची गुंगी असेल. पण "लक्ष कुठे असतं तुझं" हे मी थांबवलं.

अजून एक. या आजारात नसलेला वासही येऊ शकतो. म्हणून घरचे "भास आहे" म्हणून मोकळे होतात. आम्हीही व्हायचो. आता मी आधी खिडकीशी जाऊन स्वतः हुंगतो. वास असेल तर खिडकी लावायची, मग काम सांगायचं, एका वेळी एकच. जास्त असेल तर चिठ्ठी. फक्त त्यालाच येत असेल तर वाद घालत नाही, पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालतो.

परवा चिठ्ठी दिली तर दुकानातून त्याचाच फोन. "कोथिंबीर वीसला जुडी म्हणतोय, आणू का?"

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.