आईचा आवाज

समलिंगी प्रेम मराठी रंगभूमीवर ठसठशीतपणे उभे राहिले ते १९८१ साली, विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली सुमित्रा आपले मन जाणते, एका तरुणीवर जीव लावते आणि अखेर एकाकीपणे जीवनच संपविते. तिची गोष्ट सांगतो तो तिचा सहाध्यायी बापू. म्हणजे सांगणाराही तिच्याच पिढीचा. वडीलधाऱ्यांचा आवाज तेथे मागेच राहतो.

तो आवाज पुढे आणला चेतन दातार यांनी. २००८ साली अकाली निवर्तलेल्या या नाटककाराच्या ‘एक माधवबाग’मध्ये बोलते ती आई. मोना आंबेगावकर यांनी सादर केलेल्या या एकपात्री नाटकात, मुलाचे प्रेम पुरुषावर आहे हे कळल्यावर आई स्वतःलाच नव्याने समजून घेऊ लागते.

ही निकड केवळ आपल्याकडचीच नव्हे. मायकेल जॅक्सन या अमेरिकन कृष्णवर्णीय नाटककाराच्या ‘अ स्ट्रेंज लूप’ला २०२० साली पुलित्झर पारितोषिक लाभले. त्यातील समलिंगी तरुणाच्या मनातही आईबापांचेच बोल घुमत राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरातील अबोला मात्र निकालपत्राने सुटत नाही. नाट्यगृहाच्या अंधारात आई आणि मूल शेजारी बसून तीच गोष्ट ऐकतात. जे घरी विचारता येत नाही, ते रंगमंचावरची आई त्यांच्यासाठी विचारते.