घरचे आजारपण आणि एक लहानशी डबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. ‘घरची शुश्रूषा’ या विषयावर काहीतरी सांगा, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून उभी राहिले आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लघवी तपासणीसाठी कशी घ्यावी, हे मी सांगणार आहे. विषय ऐकून काही जणी पदर तोंडाला लावतील. मीही पूर्वी लावला असता. पण या लाजेपायी आमच्या घरात काय झाले, ते आधी ऐका.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांच्या डाव्या अंगावरून २०२३ च्या दिवाळीनंतर वारे गेले. तेव्हापासून त्या अंथरुणावरच आहेत. २०२४ च्या श्रावणात त्यांना बारीक ताप येऊ लागला. दिवसा बऱ्या असत, पण रात्री भलतेच बोलत. मला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारीत. लघवीला वास येई, आणि होताना त्या कण्हत. डॉक्टर घरी आले. ते म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाला असा भ्रम पुष्कळ कारणांनी होतो, पण आधी लघवी तपासू. कल्चर करायचं आहे, नमुना नीट द्या.”

आता ‘नीट’ म्हणजे काय, हे मी विचारले नाही. विचारायची लाज वाटली. लोणच्याची एक बाटली स्वच्छ घासून वाळवली, बेडपॅनमधली लघवी तिच्यात ओतली आणि बाटली ओट्यावर ठेवून दिली. आमचे हे अकरा वाजता कामावर जाताना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, की नाना प्रकारच्या जंतूंची सरमिसळ आहे, नमुना पुन्हा पाठवावा. म्हणजे ते बाटलीतले, भांड्यातले आणि अंगावरचे जंतू होते. खरा रोग कोणत्या जंतूचा, हे कळलेच नाही. तीन दिवस फुकट गेले आणि ताप वाढला. चूक माझी होती.

मग डॉक्टरांनी एका नर्सताईंना शिकवायला पाठवले. त्यांनी जे दाखवले ते मी क्रमाने सांगते.

डबी दवाखान्यातून किंवा तपासणीच्या ठिकाणाहून बंद अशीच आणावी. ती निर्जंतुक केलेली असते. घरची बाटली कितीही उकळली तरी वापरू नये. डबी आयत्या वेळी उघडावी, आणि तिच्या व झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. आपले हात साबणाने धुवावेत. रोग्याखाली मेणकापड घालावे. भांडे धातूचे असेल तर ते कोमट पाण्याने विसळून, पुसून मग द्यावे. गार भांडे लागले की माणूस आखडतो. पाठीशी उशा देऊन त्यांना जेवढे बसते करता येईल तेवढे करावे. एकीने धरावे आणि दुसरीने नमुना घ्यावा.

जागा साध्या साबणपाण्याने पुढून मागे पुसावी, कधीही मागून पुढे नाही. मग साध्या पाण्याने साबण काढून कोरडी करावी. जंतुनाशक औषध लावू नये, कारण ते नमुन्यात उतरले तर जे जंतू शोधायचे तेच मरतात. लघवी सुरू झाली की पहिली धार भांड्यात जाऊ द्यावी, मधली डबीत धरावी आणि उरलेली पुन्हा भांड्यात. डबी निम्मी भरली तरी पुरे. लगेच झाकण लावून वर नाव, तारीख आणि वेळ लिहावी. एक-दोन तासांत पोचवावी. तेवढ्यात जमणार नसेल तर पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, आणि चोवीस तासांच्या आत द्यावी.

डायपर पिळून नमुना काढू नये. नळी घातलेली असेल तर पिशवीतली साठलेली लघवी देऊ नये. नळीवर त्यासाठी वेगळी जागा असते, तिथून नर्सबाईंनी घ्यावी. रोग्याला मुळीच सांगता येत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. बारीक नळीने नमुना घेण्याची सोय असते. आणि घरात उरलेल्या जंतूंवरच्या गोळ्या नमुना देण्याआधी आपल्या मनाने देऊ नयेत.

हे सगळे मी पाठ केले. पण सकाळी डबी घेऊन गेले, तर आत्याबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. म्हणाल्या, “तुझ्या हातानं नको गं. बेडपॅन देतेस तेवढं पुष्कळ झालं.” मी समजूत घालायला बसले, तो माझे लक्ष उशाशी गेले. रात्री भरून ठेवलेला तांब्या तसाच काठोकाठ होता. विचारले, “आत्याबाई, पाणी का नाही प्यालात?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “प्याले की तुला रात्री उठावं लागतं. दिवसभर राबतेस तू.”

भगिनींनो, रात्री उठताना मी कधी तोंडाने कुरकुरले नव्हते. पण सुस्कारा टाकला असेन. त्यांनी तो ऐकला होता.

मी म्हटले, “आत्याबाई, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माझी आई नव्हती. सव्वा महिना तुम्ही माझं सगळं केलंत. तेव्हा मी तोंड फिरवलं होतं का?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, “बरं, दार लाव. आणि नातवाला बाहेर धाड.”

दार लावले, वरून चादर पांघरली. शेजारच्या काकूंनी पाठीमागून धरले. तरी लघवी होईना. मग काकूंनी न्हाणीघरातला नळ बारीक सोडून दिला. त्या आवाजाने झाली. मी आधी प्रत्येक गोष्ट त्यांना सांगत होते, “आता पुसते हं, आता डबी धरते.” अर्ध्या तासात डबी पोचली.

त्याच दुपारी डॉक्टरांनी औषध सुरू केले, आणि रिपोर्ट आल्यावर नेमक्या जंतूवरचे बदलून दिले. पाणी कमी पिणे हेही त्रासाचे एक कारण असू शकते, असे ते म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि चहात साखर कमी आहे म्हणून सांगितले. मी आत जाऊन रडले.

आता मी दर दोन तासांनी त्यांना स्वतः पाणी देते, आणि रात्री उठताना तोंडाने देवाचे नाव घेत उठते. डॉक्टरांनी आणखी एक बजावले आहे : हुडहुडी भरून ताप आला, लघवी अडली, किंवा माणूस हाकेला ओ देईना, तर डबीची वाट पाहत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

ही हकीकत सांगण्याआधी मी आत्याबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “सांग. पण नुसतं माझं हसं करू नको, बायांच्या उपयोगी पडेल असं सांग.”

म्हणून मंडळाला एक विनंती करते. आपल्या कपाटात भांडीकुंडी आहेत, सतरंज्या आहेत. यंदाच्या वर्गणीतून दोन बेडपॅन आणि एक मेणकापड घ्यावे, म्हणजे अडल्या घरी देता येईल. आणि कुणाला पहिल्या वेळी भीती वाटली तर मला बोलवा, मी धरायला येईन.