मोजून दिलेला दाणा

साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत आपल्याकडे दाण्याचं कूट कुठे नसतं? म्हणून ‘मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ म्हटलं की घर हादरतं. पालक रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवतात, त्यात दहा-बारा पदार्थांपुढे वाढलेले आकडे, आणि ते सगळे पदार्थ बंद केलेले. वाढत्या वयाच्या पोराचं दूध, अंडं, गहू तोडलेलं पाहून मला फार वाईट वाटतं. मी आधी विचारतो, खाल्ल्यावर झालं काय? किती वेळात? रक्तातलं आयजीई हे ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड वाढलेलं असूनही तो पदार्थ सुखाने पचवणारी मुलं पुष्कळ असतात. आता शेंगदाण्यातल्या ‘आरा एच २’ या एकाच प्रथिनाविरुद्धचं आयजीई मोजता येतं. त्यावरून अंदाज बराच नेमका येतो. तरीही शंका उरली तर रुग्णालयात, औषधं हाताशी ठेवून, तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खाऊ घालून पाहतात. अंतिम निवाडा त्या चमच्याचा.

ही ॲलर्जी मुळात होऊच नये म्हणून सन २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला होता : धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको. लंडनच्या गिडियन लॅक यांच्या चमूला मात्र दिसलं, की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट आहे. इस्रायलमध्ये बाळं दात येण्याच्या वयातच ‘बाम्बा’ हे शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात! मग तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही मुलं निवडली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३ टक्के. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं आणि सल्ला उलटा फिरला. म्हणून वरचं अन्न सुरू झाल्यावर पेजेत बारीक कूट कालवा; अख्खा दाणा नको, तो श्वासनलिकेत अडकतो. तीव्र एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

ॲलर्जी झालेलीच असेल, तर अगदी सूक्ष्म मात्रेपासून देखरेखीखाली सहनशक्ती वाढवता येते. २०२४ मध्ये अमेरिकेत ओमॅलिझुमॅब या इंजेक्शनलाही वयाच्या पहिल्या वर्षापासून मान्यता मिळाली; चुकून पोटात गेलेल्या घासाचा धोका त्याने कमी होतो. पण ते ऐनवेळचं औषध नव्हे.

ऐनवेळचं औषध एकच, ॲड्रेनलिन. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या आणि आवाज बसला, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल गळून गेलं, तर ॲलर्जीच्या गोळीची वाट पाहत बसू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत इंजेक्शन. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम; पंधरा किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ॲम्प्युलमधलं ०.१५ मिलिलिटर. ही मात्रा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, टोचायला शिका, शाळेलाही कळवा. मुलाला आडवं ठेवा, चालवू नका. धाप असेल तर बसवा. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरी मात्रा. बरं वाटलं तरी रुग्णालय गाठा, कारण ओसरलेली प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळू शकते.